विचारायचं नाही

परदेशातून आलेल्यांना मनाचा आधार देणाऱ्या त्या संस्थेत एक नियम होता – येणाऱ्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, कागद नाही, कशाला आलात तेही नाही. खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि तो बोलेपर्यंत थांबायचं. दिवसच तसे होते. कागद नाहीत म्हणून पोलीस घराघरांतून माणसं उचलून नेत होते. संस्थेची बेल वाजली तरी बसलेल्यांच्या हातातला चहा सांडायचा.

त्यामुळे खांद्यावर जड पिशवी घेतलेला एक तरुण एका मंगळवारी दारात घुटमळला, तेव्हा नवी समुपदेशक हसून म्हणाली, "बसा ना."

"मी खरं तर—"

"घाई नाही हो. आधी चहा."

तो बसला. चहा फुंकत छताकडे, भिंतींकडे, बेलकडे टकमका बघत राहिला. पिशवीत काय असेल? आणि हसू असं ओठांत का दाबतोय? तिची जीभ नुसती वळवळत होती… पण नियम म्हणजे नियम!

"पुढच्या मंगळवारी येऊ?" त्यानं विचारलं.

"या की."

तो आला. तिसऱ्या मंगळवारी तर आपणहून बोलला. "बेल वाजली की माझी आई न्हाणीघरात जाऊन बसते. मी बाहेरून हाका मारतो, तरी दार उघडत नाही." त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही गप्प बसलात की माणूस बडबडायला लागतो. ही काय जादू?"

"जादू कसली? पगार घेते त्याचा."

तो खळखळून हसला आणि तिनं घाईनं नजर वळवली. मन मोकळं करायला आलेल्या माणसावर जीव लावायचा नसतो. तिचा तर केव्हाच जडला होता.

संध्याकाळी ती संस्था चालवणाऱ्या ताईंकडे गेली. "ताई, मंगळवारचे ते… त्यांना दुसऱ्या कुणाकडे द्या."

"बघू गं. आधी सांग, बेल काढून दिवा बसवणारा वायरमन कुठं उलथलाय? आत्ता फोन केला, तर म्हणतो, तीन मंगळवार येऊन चहा पितोय की!"

तिच्या डोळ्यांसमोर ती जड पिशवी आली.

चौथ्या मंगळवारी तिनं त्याला दारातच गाठलं. "बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदा तुम्ही बोलू दिलं नाहीत. नंतर… बेल काढली असती, तर परत यायला निमित्त उरलं नसतं."

"आणि आईंचं?"

"ते खरंय," तो हळूच म्हणाला.

"मग त्यांना घेऊन या. ताई बसतील त्यांच्याजवळ. तुमचंही त्याच ऐकतील. मला नाही जमायचं."

त्याचा चेहरा पडला. "का?"

"मला गप्प बसवत नाही हो तुमच्यासमोर… किती काय काय विचारायचंय!"

त्यानं पुन्हा ओठांत हसू दाबलं. मग पिशवीतून पक्कड काढून कामाला लागला. तासाभरात बेलच्या जागी पिवळा दिवा आला. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. कुणाचाही चहा सांडला नाही. तिनं दार उघडलं आणि विचारलं,

"नाव काय तुमचं?"