अ‍ॅलनचं स्टूल

एक स्टूल गाडीत घालून मस्कतबाहेर रुसैलला, हॉटेलच्या गोदामात ठेवून यायचं, एवढंच काम होतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. सांगतो, पण तो दिवा असू दे.

स्टूल अ‍ॅलनचं. मस्कतच्या आमच्या हॉटेलात तो ड्रम वाजवायचा आणि मी बास गिटार. जन्माने इंग्लंडचा, पण तरुणपणी बोटीवरच्या बँडात शिरला तो परत गेलाच नाही. मग मुंबई, बहारीन, शेवटी मस्कत. तारांच्या ब्रशने जॅझ असा वाजवायचा की लग्नाच्या बँडात वाढलेले आम्ही वसईवाले तोंडात बोट घालायचो. तो डावखुरा होता. लाउंजच्या भिंतीवर मात्र त्याचा इंग्लंडमधला जुना फोटो होता आणि त्यात हा बाबा चक्क उजव्या हाताने वाजवत होता!

"फोटो उलटा छापला काय रे?" मी एकदा छेडलं.

तो हसला नाही. "बोटीवर आमचा म्हातारा ड्रमर वाजवता वाजवताच गेला. गाणं अर्धं राहिलं होतं. ते मी त्याच्या स्टूलवर बसून पुरं केलं. स्टूल अजून गरम होतं, स्टॅन्ली... आणि तो डावखुरा होता."

गोऱ्यांच्या थापा, म्हणून मी सोडून दिलं. पुढे एका दुपारी प्रॅक्टिस करताना अ‍ॅलनचंच डोकं ड्रमवर टेकलं. गाणं अर्ध्यावर राहिलं.

त्याच्या जागी मी माझ्या धाकट्या भावाला, एडवर्डला, वसईहून बोलावलं. नवीन लग्न, बायको पोटुशी. "त्याला सांभाळ," आईने फोनवर बजावलं आणि मी शब्द दिला.

तो यायच्या आदल्या दुपारी मी स्टेज आवरत होतो. लाउंज बंद, पडदे ओढलेले, शिळ्या सिगारेटचा वास. एसीने बोटं बधिर झालेली. सहज स्टूलवर हात ठेवला.

गरम होतं. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं. अ‍ॅलनला पुरून तर महिना होत आला होता.

माझी पाचावर धारण बसली. जाळायला हात धजावेना, म्हणून स्टूल रुसैलला नेलं. तिथे रत्नागिरीचा कासम गोदाम सांभाळायचा. "ठेव कोपऱ्यात," एवढंच त्याला म्हणालो.

एडवर्ड आला. त्याला डायनिंगची खुर्ची दिली. "दादा, चेअर लो आहे रे, पेडलवर पाय बसत नाय," तो कुरकुरायचा. पण वाजवायचा झकास. आमच्या वाडीच्या बँडातली सवय त्याने सोडली नव्हती. पहिल्या ठोक्याआधी डोळे मिटून उजव्या हाताने क्रूसाची खूण करायचा. ते बघून मला धीर यायचा.

एका शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दुपारी परतलो, तर लॉबीत कासम बसलेला. चेहरा पांढराफटक.

"स्टॅन्लीभाय, स्टूल तुझ्या भावाला देऊन आलो. माझ्याच्यान नाय होणार. दुपारी सगळे झोपले की... गोदामात कोणतरी ब्रश फिरवतंय. रोज तेच गाणं... रोज तिथंच थांबतंय. खलास, मला नको."

मी धावत सुटलो. लाउंजच्या दाराशीच तारांच्या ब्रशचा आवाज आला, सुरर्... सुरर्... आत अंधार होता. एडवर्ड स्टूलवर बसला होता आणि सगळी झांजा-ड्रमची मांडणी, अ‍ॅलन करायचा तशी, उलट्या बाजूला गेली होती.

"एडवर्ड, ऊठ!"

"थांब दादा... थोडंच राहिलंय."

अ‍ॅलन जिथे थांबला होता ती जागा आली. एडवर्ड थांबला नाही. गाणं शेवटापर्यंत गेलं.

मग तो उठला, हसला. "मस्त झालं ना?" आवाज त्याचाच होता. मी त्याला मिठीच मारली. घाबरत घाबरत स्टूलला हात लावला. थंडगार! गेला एकदाचा, सुटलो, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"चल, पुढचं घेऊ," म्हणत तो परत बसला. सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि क्रूसाची खूण केली.

डाव्या हाताने.

"एडवर्ड..." मी कसाबसा म्हणालो. आईला आता काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

त्याने डोळे उघडले. लहानपणापासून मला दादाशिवाय कधी हाक न मारणारा माझा भाऊ शांतपणे म्हणाला, "सुरू करू या, स्टॅन्ली?"