अर्ध्यावरचा झेंडा

"मृत्यू कधी आगाऊ वर्दी देऊन येत नाही!"

सोमवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ओसियन पाल्मने हे जाहीर केलं आणि सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून उकडलेल्या अंड्यावर चमचा आपटला. विमा कंपनीत सदतीस वर्षं काढल्यामुळे मृत्यूशी आपला घरोबा आहे, असा त्याचा समज होता.

समोर बसलेल्या थीरा हॅगबर्गने कडक पावाचा तुकडा मोडला आणि त्याच तुकड्याने खिडकीबाहेर दाखवलं.

"मग ती काय आहे?"

हिरवळ संपते तिथे, तळ्याच्या धक्क्याजवळ, गेस्टहाउसचा पांढरा ध्वजस्तंभ होता. स्वीडनचा निळापिवळा झेंडा त्याच्या टोकाला नव्हता. अर्ध्यावर लोंबत होता.

ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराचा झेंडा अर्ध्यावर येतो. आल्मेविक गावात हे कोणाला सांगावं लागत नाही.

मालकीण गुनवोर कॉफीची किटली हातात धरून दारातच थिजली. "कोण गेलं?"

 तिने शाळेच्या सहलीला निघालेल्या बाईंसारखी डोकी मोजली. ओसियन. त्याची मैत्रीण थीरा. चित्रकार मादलेन. स्वतःच्या बहिणीचा मुलगा येस्पर. आणि खिडकीतून दिसणारा कुंभार होल्गर, जो होड्यांच्या शेडमध्ये राहायचा आणि तिथेच चाक फिरवायचा. मोसम नुकता लागला होता. बाकीचे पाहुणे यायचे होते.

"सगळे जिवंत आहेत," गुनवोर म्हणाली. यात आनंदाची काही गोष्ट आहे असं तिच्या आवाजावरून वाटत नव्हतं. "मग हा कोणासाठी?"

"जो अजून गेला नाही त्याच्यासाठी," मादलेन म्हणाली.

मादलेन अकरा वर्षं फक्त बुडालेल्या बायका रंगवत होती. तिच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. तरी किटली गुनवोरच्या हातून निसटलीच.

थीरा योटेबोरी शहरात खाजगी गुप्तहेर होती आणि इथे सुट्टीवर आली होती. फरशीवरची कॉफी पुसून व्हायच्या आत तिची सुट्टी संपली.

"एवाल्ड गेला तेव्हा मी स्वतः दोरी ओढली होती," स्वयंपाकघराचं दार लावून घेत गुनवोर म्हणाली. एवाल्ड तिचा नवरा. "झेंडा अर्ध्यावर आणला. त्याला पुरून आले, आणि मगच टोकाला चढवला. दोन वर्षं झाली. आता या घरात मरायला माझ्याशिवाय उरलंय कोण?"

"मी आहे की," ओसियन सौजन्याने म्हणाला, आणि लगेच पस्तावला.

पस्तावायला कारण होतं. ध्वजस्तंभ नेमका समोर दिसायचा तो एकाच खोलीतून, पाच नंबरच्या, आणि पाच नंबरात ओसियन राहत होता. "ही खोली एकतीस वर्षं एकाच पाहुण्याची," गुनवोरने चावी देताना सांगितलं होतं. "यंदा त्याचं पत्रच आलं नाही, म्हणून तुला देते."

शिवाय रविवारची ती गोष्ट. ओसियन तळ्यात डुंबून आला आणि पांढरा टॉवेल खिडकीच्या कठड्यावर वाळत टाकला. पाच मिनिटांत खाली होल्गर हजर. दोन्ही हातांत वाफाळत्या कॉफीचे कप. त्याने वर पाहिलं. ओसियनने हात हलवला. होल्गरच्या हातातला एक कप खाली पडून फुटला आणि तो शब्दही न बोलता चालता झाला.

"मी मेलोय अशा नजरेने बघितलं त्याने माझ्याकडे," ओसियनने थीराला सांगितलं.

"की दुसऱ्या कोणाऐवजी तू निघालास म्हणून वाईट वाटल्यासारखं?"

"एकच ना ते!"

"नाही," थीरा म्हणाली.

दुपारी बैठकीच्या खोलीत गुनवोर किंचाळली. पहाटे दारात पडलेल्या, स्टॉकहोमहून येणाऱ्या वर्तमानपत्राला भोक पडलं होतं.

"धमकीची पत्रं अशीच करतात, मावशी," येस्पर म्हणाला. "अक्षरं कापायची आणि चिकटवायची."

थीराने ते भोक उजेडात धरलं. एकच होतं, पत्त्याच्या पानाएवढं, कडा सरळ कापलेल्या.

"फार मोठं अक्षर दिसतंय," ती म्हणाली.

तिने येस्परला आधी पकडलं. येस्परला त्या घराचं योगकेंद्र करायचं होतं. मावशीला ते मान्य नव्हतं.

"तिला घाबरवून मला काय मिळणार?"

"घर."

"घर मला तिच्याकडून पाहिजे, तिच्या भुताकडून नको. आधीच ती मला झोपू देत नाही. सूप आलं की पहिला चमचा माझ्या तोंडात! गुनवोरमावशी मरेल की नाही माहीत नाही, पण माझी जीभ मेली."

मादलेनकडे कात्र्या चार होत्या. "चिकटचित्रांसाठी कापते मी पेपर. पण हे पान माझ्या काय कामाचं? शेवटून तिसरं. त्यावर कधी चित्र नसतं, नुसत्या चौकटी."

तिच्या फळीवर अर्ध्यावरच्या झेंड्याचं ताजं चित्र होतं. खाली पाण्यात एक बाई. तोंड गुनवोरसारखं.

"ही घाई कशाला?" ओसियनने धास्तावून विचारलं.

"प्रसंग घडून गेल्यावर सगळेच रंगवतात," मादलेन म्हणाली.

होल्गर चाकावरून उठला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. दाढीत माती होती.

"रविवारी दोन कप होते तुझ्या हातात," थीरा म्हणाली.

"हो."

"दुसरा कोणाचा?"

"फुटला."

थीराने पुढे काही विचारलं नाही. बाहेर येताच ओसियन कुजबुजला, "हाच खुनी."

"खून कोणाचा?"

"ते तू शोध. सगळं मीच करायचं का?"

आल्मेविकच्या वेशीवर मोठी पाटी आहे: 'सर्वांचं स्वागत आहे.' नऊ भाषांत. धक्क्यावर सप्तरंगी पताका आहेत, दर तिसऱ्या घरात चित्रांचं दालन आहे आणि उरलेल्या दोन घरांत दालचिनीचे पाव मिळतात. इथे स्वागत सगळ्यांचं होतं, चौकशी कोणाचीच होत नाही. तसं करणं बरं दिसत नाही. त्यामुळे एरवी फार सुख असतं. त्या आठवड्यात मात्र पाच माणसं एका टेबलावर बसून एकमेकांना बटाटे वाढत होती आणि 'तू मला मारणार आहेस का?' एवढा साधा प्रश्न विचारायला लाजत होती.

गुनवोरने झेंडा कपाटात कोंडला आणि चावी गळ्यात बांधली. धक्क्यावर जाणं तिने सोडलं. झोपताना दाराला खुर्ची टेकवू लागली. ओसियननेही टेकवली, पण त्याच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं.

बुधवारपर्यंत काही घडलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

गुरुवारी सकाळी गुनवोरने प्रत्येकाच्या ताटलीशेजारी एकेक बंद पाकीट ठेवलं. वर लिहिलं होतं: 'माझ्या पश्चात उघडावे.' ओसियन सचोटीचा माणूस. त्याने पाकीट फक्त उजेडात धरून पाहिलं. 'गाणं' एवढा एकच शब्द वाचता आला. तो रोज सकाळी आंघोळ करताना मोकळ्या गळ्याने गात असे, आणि खाली गुनवोर खिडक्या लावून घेत असे. मरणाच्या दारातही बाईला माझं गाणं आठवलं, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात होल्गर आत आला. अंगात धुतलेला सदरा होता. सगळ्यांनी मान वळवली.

"इस्त्री मिळेल का?"

गुनवोरने इस्त्री दिली. होल्गरने खिशातून पांढरा टाय काढला आणि एकेक सुरकुती घालवली.

"लग्नबिग्न ठरलं की काय, होल्गर?" येस्परने टोमणा मारला. "या वयात?"

"नाही," होल्गर म्हणाला, आणि टाय तळहातावर धरून निघून गेला.

"आईला पुरलं त्या दिवसानंतर माझा पांढरा टाय काही बाहेर निघाला नाही," ओसियन म्हणाला. "थीरा, साखर दे."

थीराने साखरेचा खडा उचलला आणि स्वतःच्याच कॉफीत टाकला. ती साखर घेत नसे.

शुक्रवारी सकाळी झेंडा पुन्हा अर्ध्यावर होता.

गुनवोरने गळ्यातल्या चावीने कपाट उघडलं. तिचा झेंडा आतच होता. हा दुसराच होता, नवाकोरा पण जुना. वाऱ्यानेही मोडत नव्हत्या अशा चौकोनी घड्या त्यावर पडल्या होत्या.

"आज," एवढंच म्हणून गुनवोर जमिनीवर बसली.

थीराने सायकल काढली. "मी वाचनालयात जाते."

"आज? पुस्तक वाचायला?" ओसियनचा आवाज चिरकला.

"पेपर वाचायला. तू पाच नंबरच्या खिडकीत बस. झेंड्यावरची नजर हलवू नकोस."

ओसियन बसला. तळ्यावरून धुकं चढलं आणि धक्का गिळून हिरवळीपर्यंत आलं.  खाली गुनवोरच्या खोलीत एकदा कडी वाजली. दोनच्या सुमाराला धुक्यातून खडीवर पावलं वाजली. सावकाश, जड. पावलं खिडकीखाली थांबली. ओसियनने पडदा तोंडावर ओढून घेतला आणि डोळे मिटले. पावलं तिथेच होती. बराच वेळ कोणीतरी खाली नुसतं उभं होतं, वर बघत. ओसियनला स्वतःचे दात ऐकू येत होते.

मग दोरी करकरली.

त्याने डोळे उघडले तेव्हा खाली कोणी नव्हतं आणि झेंडा टोकाला होता. घड्याळात अडीच वाजले होते.

तो तीनतीन पायऱ्या उतरत खाली आला. "गुनवोर! जिवंत आहेस?"

"बहुतेक," दाराआडून आवाज आला.

चार वाजता थीराने सगळ्यांना जेवणघरात बसवलं. होल्गर शेवटी आला. काळा सूट, पांढरा टाय. येस्परने टोमण्यासाठी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"गुनवोर, तुला कोणी मारणार नाहीये," थीरा म्हणाली. "सुरुवात चुकली आपली. झेंडा अर्ध्यावर दिसला आणि आपण कोण मरणार ते शोधायला लागलो. झेंडा मरणाऱ्यासाठी उतरवत नाहीत. मेलेल्यासाठी उतरवतात."

"पण मेलंय कोण?" गुनवोर म्हणाली. "मी मोजलं होतं!"

"घरात होते ते मोजलेस. न आलेला मोजला नाहीस." थीराने पाव मोडला. "पेपरला एकच चौकोनी भोक. पान शेवटून तिसरं, नुसत्या चौकटींचं. म्हणजे निधनवार्ता. दुसरं, झेंडा आज टोकाला गेला. धमकी देणारा माणूस झेंडा पुन्हा वर कशाला चढवेल? वर चढवतात दफन झाल्यावर. तूच सांगितलंस. म्हणजे आज अडीचच्या आत कुठेतरी कोणाला तरी पुरलं."

"आणि टाय?" मादलेनने विचारलं. तिची नजर होल्गरवर होती.

"ते ओसियनने सांगितलं."

"मी?" ओसियन दचकला. "अर्थात. मीच सांगितलं. काय सांगितलं?"

"आईला पुरताना पांढरा टाय. बाकीच्यांनी काळा लावायचा, पांढरा फक्त अगदी जवळच्यांनी. मुलगा, भाऊ," थीरा थांबली, "नवरा. आणि रविवारी तू टॉवेल टाकलास त्या खिडकीत, जिथे एकतीस वर्षं दुसरा कोणीतरी टाकत होता. टॉवेल दिसला म्हणून दोन कप आले."

वाचनालयातल्या त्याच अंकातून तिने भोकाच्या जागची चौकट उतरवून घेतली होती; ती वाचली. "'बेर्तिल आन्रेप, चर्चमधले वादक. अंत्यविधी वेक्शो येथे शुक्रवारी दोन वाजता. फक्त जवळच्यांसाठी.'"



"पाच नंबरचा बेर्तिल?" गुनवोर हळूच म्हणाली.

होल्गरने टायची गाठ चाचपली. "पांढरा टॉवेल म्हणजे कॉफी. एकतीस उन्हाळे. रविवारी वाटलं, उशिरा का होईना, आला." त्याने ओसियनकडे पाहिलं. "तुझा काही दोष नाही."

"आणि तो झेंडा?" थीराने विचारलं.

"घर घेतलं की लावायचा, म्हणून दोघांनी घेतला होता. घर झालं नाही. पेटीतच राहिला. सोमवारी तुमचाच हाती लागला, पण त्यानंतर तू कोंडलास, गुनवोर."

"अरे, पण सांगायचंस ना!" गुनवोरचे डोळे वाहू लागले. "आठवडाभर मी मरतेय इथे! वेशीवर एवढी पाटी लावलीय आपण, नऊ भाषांत!"

"पाटी येणाऱ्यांसाठी आहे," होल्गर म्हणाला. "मी इथलाच. आणि मला कोणी विचारलं नाही."

 मादलेन उठून आपल्या फळीकडे गेली आणि चित्रातल्या बाईवर तिने निळा रंग फिरवला. येस्परने होल्गरला खुर्ची दिली. गुनवोरने दोन कप आणले, दोन्ही होल्गरनेच घडवलेले, आणि एक भरून त्याच्यापुढे ठेवला. दुसरा स्वतःसाठी भरून ती शेजारी बसली.

"कसा होता रे तो?" तिने विचारलं. एकतीस वर्षांनी.

होल्गर बोलू लागला. थांबेचना. बाहेर धुकं विरलं आणि झेंड्याच्या घड्या वाऱ्याने एकेक करून उलगडल्या. ओसियनने रुमाल शोधायला खिशात हात घातला, तर हाती ते पाकीट आलं.

गुनवोरचं लक्ष गेलं. ती होल्गरच्या खांद्यावरचा हात न काढता थोडी कलली.

"ओसियन," ती हलक्या आवाजात म्हणाली, "उघडलं नसशील, तर ते पाकीट जरा परत दे ना."