कोपराचा पोचा

गाडीखाली आडव्या पडलेल्या ऊर्मीला आधी दिसले ते बर्फाने भिजलेले बूट. मग आवाज आला, फोनवर आईशी मराठीत हुज्जत घालणारा.

"विंटर टायर्स शेजारच्या दुकानात," ती खालूनच म्हणाली. "इथे फक्त म्हाताऱ्या गाड्या."

बूट जागचे हलेनात. "ही... रेसिंग कार आहे?"

"१९३५ची. अमेरिकन. हात लावायचा नाही हं!"

हा स्वानंद, हॅमिल्टनच्या विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करणारा. त्या दिवसापासून दर शनिवारी स्वारी व्हिटबीच्या त्या गॅरेजात हजर! मोठी शर्यत जिंकलेली ती हीच गाडी, असं तिचा मालक छातीठोक सांगायचा. त्याला ती म्युझियमला द्यायची होती. पण पुराव्याशिवाय म्युझियम तिला दारातही उभं करणार नव्हतं. तो पुरावा शोधायचं काम स्वानंदने अंगावर घेतलं. ऊर्मी पत्रा ठोकायची, तो गप्पा ठोकायचा. आणि शनिवार उजाडला की पोरीचं निम्मं लक्ष दाराकडे!

एप्रिलात, म्युझियमची माणसं यायच्या आदल्या दिवशी तो धापा टाकत आला. हातात त्या शर्यतीतला एक जुना फोटो.

"हे बघ! ड्रायव्हरचं कोपर आपटून आपटून डाव्या बाजूला पोचा पडलाय. असा पोचा दुसऱ्या कुठल्याच गाडीला नसणार!"

ऊर्मीच्या पायाखालची जमीनच सरकली. "तो... तो पोचा?"

"हो! कुठाय?"

"मी काढला... परवा." "पत्रा अगदी गुळगुळीत केलाय रे..."

स्वानंद मटकन खाली बसला. ऊर्मीने फोटो हातात घेतला; खिशात राहून त्याचे कोपरे मुडपले होते. तिला शंका आली.

"हा फोटो तुला आज मिळाला?"

तो जमिनीकडे बघू लागला. "जानेवारीत."

"काय? जानेवारीत! आणि दाखवला नाहीस? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"दाखवला असता तर काम संपलं असतं... मग कुठल्या तोंडाने आलो असतो इथे? तुला बघायला?"

ऊर्मीला राग यायला हवा होता. आलाही! पण कानाच्या पाळ्या तापल्या त्या भलत्याच कारणाने. धक्क्यात विसरलेली गोष्ट तिला तेव्हा कुठे आठवली. तिने फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"बावळटा, हातोडी लावायच्या आधी आम्ही प्रत्येक पोच्याचा फोटो काढतो."

स्क्रीनवर तोच पोचा होता, तस्साच्या तसा.

स्वानंदने मोठा सुस्कारा टाकला... आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "म्हणजे, संपलं काम."

"गाडीचं संपलं." ऊर्मीने हात पुसले. "तू शनिवारी ये. या खेपेला हात हलवत ये."