बोटीवरचं हिरवं पाकीट

दुकानाच्या फळीवर हिरवं पाकीट एकच उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

पेइ-रूने हात मागे घेतला. समोरचा तरुण चिंब भिजला होता. बगलेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला छोटा डबा. बाहेर वादळाचा पाऊस तैवानच्या नानफांगाओ बंदराला झोडपत होता.

“खायला, की यंत्रावर ठेवायला?” त्याने विचारलं.

“यंत्रावर. तुम्हाला?”

“मलाही. हे पाकीट वर ठेवलं की यंत्र नीट चालतं म्हणतात. पण त्यातले नारळी कुरकुरे माणसाने खाल्ले की यंत्र रुसतं... आणि मी खाल्ले!” तो हसला, पण ओठ थरथरत होते. “बाबांच्या बोटीवर डबा बसवताना भूक लागली. आज बोट समुद्रात, आणि वाट दाखवणारा डबा सकाळपासून मुका. धक्क्यावरचा हा त्याचा जुळा भाऊ — हाही मुका.”

“बो-येन, लहानपणापासून सांगतेय, दिसेल त्याला तोंड लावू नकोस!” गल्ल्यावरची मावशी ओरडली.

पेइ-रूला हसू आलं नाही. डब्यावरचं प्रोग्रामचं नाव तिने वाचलं होतं. पायथनमधल्या त्या प्रोग्रामचा लाटा मोजणारा भाग सी भाषेत होता, आणि वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी त्याची पॅकेजेस तीच बांधत असे. नवं पॅकेज कालच सगळ्या डब्यांवर गेलं होतं.

“बघू?” तिने लॅपटॉप उघडून डब्याला जोडला.

प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच मिटला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. काल बांधताना ‘याच यंत्राला साजेसं बांध’ ही तिची नेहमीची सूचना तशीच राहिली होती. तिचं यंत्र नवं. डब्यातल्या, त्याच घराण्यातल्या जुन्या प्रोसेसरला त्याच्या नव्या आज्ञा कळणार कशा? आणि पॅकेजवर तर लिहिलं होतं, नव्या-जुन्या सगळ्यांना चालेल.

“पाकीट खाल्लं नसतं तर...” बो-येन पुटपुटला.

गप्प राहून दुरुस्त केलं तर त्याला कधीच कळणार नव्हतं. तिने त्याच्या ओल्या पापण्यांकडे पाहिलं — आणि बोलून गेली.

“पाकिटामुळे नाही. माझ्यामुळे. पॅकेज मी बांधलं... चुकीचं.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

“नीट होईल?”

“होईल. डबा इथेच राहू द्या. यावरच बांधते, यावरच चालवून बघते.”

जुना डबा रेंगाळत होता. तिची बोटं गार पडली होती. बो-येनने गरम चहाचा पेला तिच्या हाताशी सरकवला. अखेर पडद्यावर लाटांची रेघ उमटली, आणि तिने नेटवरून नवं पॅकेज सोडलं; चालू होताना प्रत्येक डबा ते आपोआप उतरवून घेत असे.

“बाबा, डबा बंद करून पुन्हा लावा!” बो-येन गल्ल्याजवळच्या वायरलेसवर ओरडला.

नुसती खरखर... पुन्हा खरखर. मावशीने हात जोडले.

“दिसतेय रे, वाट दिसतेय!” बाबांचा म्हातारा आवाज आला. “पाकीट परत ठेवलंस वाटतं, खादाडा?”

बो-येनने पेइ-रूकडे पाहिलं. “हो बाबा. ठेवणारी इथेच आहे.”

“रागावलात ना?” तिने हळूच विचारलं.

“खूप. म्हणून तू कुठे जायचं नाहीस.” त्याने पाकीट तिच्या ओंजळीत ठेवलं. “बाबांची बोट धक्क्याला लागेपर्यंत माझ्याशेजारी उभी राहा... मला अजून भीती वाटतेय.”

“मलाही,” ती म्हणाली, आणि मावशीने दिलेल्या छत्रीत त्याच्याशेजारी शिरली.