डाव्या हाती

लाइन गेली होती. ओट्यावर बसलेल्या पोरांच्या तोंडांवर मोबाइलचा निळा उजेड पडला होता. कृष्णराव सुपारी कातरत बसले होते.

"गेम खेळून राहिले काय रे?" त्यांनी विचारलं. "एक गेम आमच्या मंगरूनं बनवला होता. ज्याले डोळे नाहीत, त्याच्यासाठी. ठेवा ते खाली, सांगतो. मंगरू माझ्यासंगच खाणीवर वायरमन होता. त्याच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही."

एकेक उजेड विझला. कृष्णरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

ती रात्र तान्ह्या पोळ्याची, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाची. सोमवार, सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्यांशी. मंगरू मायच्या खोकल्याचं औषध आणायला तुमसरला गेला होता. परतीची एसटी नाकाडोंगरीत आली तेव्हा दिवस केव्हाच बुडाला होता. पाऊस नव्हता, पण आभाळ गच्च भरलेलं. अमावास्येचा दुसरा दिवस, म्हणजे चांदणंही नाही. औषधाची बाटली पिशवीत घालून तो घराकडं निघाला.

घर होतं गावाबाहेरच्या टोलीत, लहानशा वस्तीत. गावातून निघालेली पायवाट मोहाच्या एका मोठ्या झाडापाशी फुटायची. डाव्या हाताची वाट बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून सरळ टोलीत जायची. उजव्या हाताची वाट धानाच्या बांध्यांमधून फेरा घेऊन तिथंच पोचायची. आदल्या पावसाळ्यात ती पाळ फुटली होती आणि अजून कोणी बांधली नव्हती. लोक उजव्या हातानं जात. मंगरू मात्र त्या झाडाजवळूनही जात नव्हता. कितीही उशीर होवो, तो सडकेनं लांबून यायचा.

त्याचं कारण होतं वच्छला. त्याची धाकटी बहीण. लहानपणी तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. टोलीतल्या पोरी अंगणात खेळायच्या आणि ही ओसरीत तांदूळ निवडत त्यांचा गलका ऐकायची. एकदा ती म्हणाली, "दादा, साऱ्या खेळांले डोळेच काहून लागते?"

पुढं खाणीवरच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याचा जुना टेपरेकॉर्डर मंगरूनं मागून घेतला. तो खांद्याला अडकवून बाजारापासून घरापर्यंत चालत आला. पिठाच्या गिरणीची फटफट भरली, लोहाराचा घण भरला, शाळेतले पाढे, बोडीतले बेंडूक, सारं भरलं. जिथं वाट फुटते तिथं थांबून टेपमध्ये विचारलं, "वच्छले, आता कुठी? डाव्या हाती की उजव्या हाती?" आणि टेप तिथंच संपवली.

पुढची वाट दुसऱ्या कॅसेटमध्ये. डाव्या हाताच्या कॅसेटच्या काठाला त्यानं तापलेल्या खिळ्यानं एक खाच पाडली, उजव्या हाताच्या कॅसेटला दोन. वच्छलानं कानानं ओळखायचं आपण कुठं आहोत, बोलून सांगायचं कुणीकडं जायचं, आणि बोटानं चाचपून ती कॅसेट लावायची. बरोबर गेली तर वाट पुढं सरके. चुकली तर विहीर, नाही तर साप, नाही तर पाटलाचा कुत्रा. मोहाच्या झाडापाशी डाव्या हाती बोडीची पाळ आणि पुढं घर. उजव्या हाती त्यानं अस्वल बसवलं होतं. मडक्यात तोंड घालून असा गुरगुरला होता की पहिल्यांदा ऐकताना खुद्द मायच्या हातातली काठवट पडली.

आधी कोणी चुकलं की मंगरूचा आवाज म्हणायचा, "चाल परत बाजारात." वच्छलानं ते बदलायला लावलं. "पार पहिल्यापासून कायले आणतं रे दादा? माणूस थकते ना. जिथं चुकली, त्याच वळणावर आणून सोड." मंगरूनं साऱ्या कॅसेटी पुन्हा भरल्या. दुसऱ्या आळीतले आंधळे गोमाजीही काठी टेकत खेळायला यायला लागले. दोघं तासन्‌तास वाद घालायचे. हा घण की तो हातोडा? वारा पिंपळातला की मोहातला? डोळस पोरं डोळ्यांना फडकं बांधून खेळायची आणि वच्छलाकडून हरायची.

मग तो त्र्याऐंशीचा पावसाळा आला. मंगरू रातपाळीला गेला होता. वच्छला शेजारच्या बायांसंग गावातल्या विहारात वर्षावासाचं वाचन ऐकायला गेली. वाचन सुरू असतानाच पाऊस कोसळायला लागला. बाया म्हणाल्या, थोडं थांबून जाऊ. घरी माय तापानं पडलेली. वच्छला उठली.

"थांब वो पोरी, अंधार किती आहे," एकजण म्हणाली.

"मले अंधाराचं काय होते, काकी? वाट तं मले पाठ आहे."

वाट खरंच पाठ होती. मोहाच्या झाडापर्यंत ती बरोबर आली. डाव्या हाती वळली. पाळ त्याच संध्याकाळी फुटली होती, आणि हे अजून गावात कोणालाच माहीत नव्हतं.

सकाळी ती खालच्या बांधीत सापडली. धानात.

मंगरू रडला नाही. कॅसेटी त्यानं लोखंडी पेटीत टाकल्या आणि पेटीला कुलूप घातलं. खाणीवर आला तेव्हा एकच बोलला, "डाव्या हाती जा म्हणून मीच शिकवलं ना तिले, कृष्णराव." पुढं वर्षभर त्यानं बहिणीचं नाव काढलं नाही.

तर त्या तान्ह्या पोळ्याच्या रात्री मंगरू सडकेला लागला, तोच डोमा दिसला. डोमा त्याचा शेजारी. चहाच्या बंद टपरीपाशी सायकल धरून उभा होता, अंगाला घाम.

"मंगरूभाऊ, मी तुमच्यासाठीच थांबलो."

"काहून गा? काय झालं?"

डोमा खाली पाहत म्हणाला, "मी आत्ता मोहाजवळून येऊन राहिलो. तिथं... कोणी बोलते."

"कोण?"

"वच्छलाबाई."

मंगरूनं त्याची गचांडी धरली. डोमानं हात सोडवला नाही.

"मारा भाऊ, पण ऐका. ती म्हणते, 'डाव्या हाती.' मंग पायाचा आवाज येते, पाळीकडं जाते. मंग... पाण्यात पडल्यावानी. मंग चुप. आणि थोड्या वेळानं पुन्हा झाडापाशी... 'डाव्या हाती.' मीच नाही, चौघा-पाच जणांनी ऐकलं आहे. तुमच्या मायसमोर कोणी बोलत नाही इतकंच."

मंगरूनं त्याला सोडलं. सडक सोडली आणि पायवाटेला लागला.

झाडाखाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. त्यानं टॉर्च लावला. खोड. चिखल. फुटलेल्या पाळीचं काळं तोंड. बेंडूक ओरडत होते.

मग ओरडायचे थांबले.

बराच वेळ काहीच नाही. जणू कोणी कान देऊन उभं आहे... ऐकतं आहे... उत्तर जुळवतं आहे.

"डाव्या हाती."

अगदी जवळून. खेळताना म्हणायची तसंच. खात्रीनं.

समोरून अनवाणी पाय चिखलात पडत निघाले. चप... चप... पाळीकडं. त्यानं तिकडं टॉर्च फिरवला. कोणी नाही. पावलं पुढं चाललेली.

"वच्छले!" तो ओरडला. "नोको जाऊ! पाळ फुटली आहे वो! मागं फिर!"

पावलं थांबली नाहीत.

पाण्याचा आवाज झाला.

मग शांत...

आणि मग पुन्हा झाडापाशी ते ऐकत उभं राहणं. पुन्हा, "डाव्या हाती."

तो ओरडत राहिला. आवाज बसला. वाटेत आडवा उभा राहिला तर पावलं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी मागं ऐकू आली. गार वारासुद्धा लागला नाही. तिच्या लेखी तो तिथं नव्हताच.

तेव्हा त्याला उमगलं. ती त्याचंच ऐकत होती, पण टेपमधल्या त्याचं. ती खेळत होती. चुकत होती, आणि ज्या वळणावर चुकली त्याच वळणावर परत येत होती. वर्षभर. रोज. आणि उजव्या हाती जायची सोय नव्हती, कारण तिथं अस्वल होतं.

तो धावत घरी आला. मंगलाबाई, त्याची माय, जागीच होती. त्यानं औषध तिच्या हातात दिलं, कुलूप उघडलं, टेपरेकॉर्डर काढला. दोन खाचांची कॅसेट काढली. अस्वलाची.

"काय करून राहिला, बापू?"

मंगरूनं सारं सांगितलं. माय खोकल्याची ढास दाबत उठून बसली. "माह्या पोरीले वर्षभर तिथंच फिरवत ठेवलं काय रे?" एवढंच म्हणाली.

त्यानं लाल बटन दाबलं. जुनं सारं पुसलं जात होतं. त्यावर तो हळूहळू बोलायला लागला.

"वच्छले, उजव्या हाती वळ. अस्वल नाई इथं. ते मीच होतो, मडक्यात तोंड घालून. भेऊ नोको. डाव्या हाती पाळ फुटली, तिकडं आता वाट नाही. माह्या मागं ये. ह्या बांध्या आल्या... धान ऐकतं ना? आता हापशी... आता टोली लागली."

मग त्यानं मायपुढं टेप धरली. टेप नुसती फिरत होती. शेवटी माय म्हणाली, "ये वो माय. भात झाकून ठेवला आहे."

मंगरू परत झाडापाशी गेला. टॉर्च विझवला. आधी जुनी कॅसेट लावली, वळणाची.

"वच्छले, आता कुठी? डाव्या हाती की उजव्या हाती?"

दोन वर्षांपूर्वीचा त्याचाच आवाज. हसरा.

"डाव्या हाती," अंधार म्हणाला.

त्यानं कॅसेट बदलली. बटन दाबलं. पावलं निघालीच होती... एक... दोन...

"वच्छले, उजव्या हाती वळ."

पावलं थांबली.

मंगरू टेप छातीशी धरून उजव्या वाटेनं चालायला लागला. मागं काहीच नाही. टेप बोलत होती. तो चालत होता. मागं... काहीच नाही.

मग चिखलात एक पाऊल वाजलं.

तो चालला की ते चालायचं. तो थांबला की थांबायचं. फार जवळ नाही, फार लांब नाही. धान दोन्हीकडून सळसळत होतं. पुढं ती जागा आली, जिथं खेळात अस्वल यायचं. पावलं थांबली.

मंगरूनं टेप मागं नेली. पुन्हा लावली.

"अस्वल नाई इथं. ते मीच होतो, मडक्यात तोंड घालून."

शांत.

पुन्हा लावली.

"...ते मीच होतो..."

अंधारात कोणी हसलं. अगदी बारीक. लबाडी पकडल्यावर बहीण हसते ना भावाला, तसं.

आणि पावलं निघाली.

हापशी गेली. टोली लागली. कुत्री ओसरीखाली दडली, पण एकही भुंकलं नाही. दार उघडंच होतं. टेपमधून मायचा आवाज आला, "ये वो माय..." आणि त्याच वेळी आतून खरी मायही तेच म्हणाली. टेप संपली. बटन खट्‌कन वर आलं.

मंगरू दारातून बाजूला झाला. वाट दिली.

काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं त्याला तिथंच उंबऱ्यावर झोप लागली, वर्षात पहिल्यांदा.

त्यानंतर मोहापाशी कोणालाच काही ऐकू आलं नाही. लोकांना बरं वाटलं. मंगरूला नाही. तो कित्येक रात्री त्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा. बेंडूक ओरडायचे, ओरडतच राहायचे. एकदा मला म्हणाला, "घरी आणली खरी, कृष्णराव. पण तिथं होती तं आवाज तं येत होता."

कृष्णराव थांबले. रातकिडे किरकिरत होते.

"मंग, दादाजी?" एका पोरानं हळूच विचारलं.

"मंग काय? सकाळचं सांगायचं राहिलं."

पोळ्याच्या आधी व्हायचं काम मायच्या दुखण्यानं राहून गेलं होतं, म्हणून शेजारणीनं आदल्या दुपारी मंगरूच्या घराला पांढऱ्या मातीची छुई सारवून दिली होती. ओसरीची भिंत, आतली भिंत. दमट हवेत ती रात्रभर ओलीच होती. सकाळी शेजारीण आली ती ओसरीतच उभी राहिली.

कोपऱ्यापासून दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, ओल्या छुईत चार बोटांच्या चार रेघा ओढत गेल्या होत्या. भिंत चाचपत कोणी चाललं असावं तशा. दाराच्या चौकटीशी तुटल्या होत्या आणि आतल्या भिंतीवर पुन्हा सुरू झाल्या होत्या.

मंगरूच्या हातांना छुई लागलेली नव्हती. मायच्याही नाही.

रेघा मायच्या खाटेपाशी जाऊन थांबल्या होत्या. तिथं, उशाजवळ, भिंतीवर सबंध पंजा उमटला होता.