कोलननंतरचं उत्तर

दोघांत एक कॉम्प्युटर, असे ते लॅबमधले दिवस होते. तिची मैत्रीण एकदा आलीच नाही आणि सरांनी शेवटच्या रांगेतल्या एका उंच मुलाला तिच्या शेजारी आणून बसवलं. झालं! तिचं मेलं लक्षच लागेना. त्याच्या शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास येत होता, आणि तिची बोटं की-बोर्डवर भलतीकडेच पडत होती.

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. दोन आकड्यांतला मोठा शोधायचा, तोही एका ओळीत, कंडिशनल ऑपरेटर वापरून. त्यानं ऐटीत अट लिहिली, प्रश्नचिन्ह टाकलं, एक उत्तर लिहिलं आणि ओळ संपवली. स्क्रीनवर एरर!

"अहो शहाणे," तिला हसू आवरेना, "अट खरी ठरली तर काय, ते लिहिलंत. खोटी ठरली तर? कोलन द्यायचा, ही दोन टिंबं, आणि तेही लिहायचं. इफला एल्स नसला तरी चालतं, याला दोन्ही उत्तरं लागतात."

"खोटी ठरेलच कशाला?" तो तिच्याकडे बघत म्हणाला.

तेव्हाच तिनं त्याचं नाव ठेवलं, अर्धवट. मैत्रीण परत आली, पण जागा काही बदलल्या नाहीत.

शेवटचं प्रॅक्टिकल संपलं. सगळे गेले, हा मात्र उठेना. दोन दिवसांनी दूरच्या गावी त्याची मुलाखत होती, आणि इकडे तिच्या आईनं लग्नाचं टुमणं लावलं होतं.

"मला… ही नोकरी मिळाली, तर… लग्न करशील माझ्याशी?"

किती वाट पाहिली होती तिनं या वाक्याची! आणि गधड्यानं तेही अर्धंच बोलावं?

"आणि नाही मिळाली तर?"

तो की-बोर्डवरची धूळ पुसू लागला.

"कोलन दे, अर्धवटा."

"नाही मिळाली, तर…" तो पुटपुटला, "तर कुठल्या तोंडानं विचारू?"

"उत्तर मी द्यायचंय ना? मग ऐक. मिळाली तर हो. कोलन. नाही मिळाली तरी हो."

"अगं, दोन्हीकडे हो असेल, तर मग अट कशाला?"

"तेच तर सांगतेय मघापासून!" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

ती नोकरी काही त्याला मिळाली नाही. आईची समजूत घालता घालता नाकी नऊ आले, पण लग्न झालं.

आता दोघांचे केस पिकलेत. कामावर निघताना तो अजून दारातून म्हणतो, "लवकर सुटलो, तर फिरायला जाऊ गं."

"कोलन?" ती आतून ओरडते.

"नाही सुटलो, तरी जाऊ!"