संगमाच्या वाटेवरचं दार

दारावर बांगड्या आपटल्याचा तो आवाज अंकुशरावांनी वीसेक वर्षांपूर्वी ऐकला होता. बाळांनो, माझ्या ओळखीतला माणूस, म्हणून सांगतो. गाणगापुरात संगमाच्या वाटेवर त्यांचं यात्रेकरूंसाठी चार खोल्यांचं लॉज. त्या रात्री एक बाई ओल्या, मोकळ्या केसांनी दार बडवत होती.

"लेकरू पाण्यात गेलंय वो, कुणीतरी चला!"

राजूबाई कडीकडे धावल्या. अंकुशरावांनी खिडकीतून पाहिलं आणि बायकोचा हात धरला.

"बाधेची हाय. केस बघ की तिचे."

"लेकराचं म्हणायलीय वो..."

"ती न्हाई, भूत बोलायलंय. काय बी बोलतंय ते. सकाळच्या आरतीला उतरंल."

भूतबाधा उतरवायला आणलेल्या तसल्या बायका तिथे रोजच्या. दुसऱ्या कुणीही दार उघडलं नाही. बाईला बाधा कसली? लेकरामागे तिनं पाण्यात उडी घेतली होती, त्यात केस सुटले होते. सकाळी लेकराचं प्रेत बाहेर काढलं.

आता गेल्या पौषातली अमावस्या. लॉजच्या धुतलेल्या चादरी नदीकाठी वाळत राहिल्या होत्या. जेवण करून अंकुशराव त्या आणायला निघाले. निवांत, तंबाखू मळत. थोरल्या लेकाला, हरिओमला म्हणाले, "कडी लावून घे. आलो की हाक मारतो."

काठावर कुणी नव्हतं. चादरी गोळा केल्या, तेवढ्यात पाण्यातून बारीक आवाज आला.

"आई..."

ते कमरेइतक्या पाण्यात शिरले. हाताला हात लागला. इवलासा. थंडगार. ओढला, येईना. पुन्हा ओढला... सुटला.

मोबाईल पाण्यात गेला होता. ते धावत सुटले. दारं बडवत.

"लेकरू बुडायलंय! चला रे!"

पहिल्या घरातला दिवा मालवला. दुसऱ्या घरातून कुणी म्हणालं, "गप पडा, बाधेचा हाय." तिसऱ्या घराची खिडकी धाडकन लागली.

मग स्वतःचं दार.

"हरिओम, मी हाय रे. कडी काढ."

हरिओमने फटीतून पाहिलं. चिखलाने माखलेलं तोंड. विस्कटलेले केस. आई कडीकडे निघाली, तसा त्याने तिचा हात धरला.

"थांब आई. भूत अण्णाचा आवाज काढायलंय."

"अरं, तेच हायेत..."

"अण्णाच नेहमी म्हणत्यात न्हाई का? काय बी बोलतंय ते."

"वळख की रे मला..."

कडी तशीच राहिली. नदीकडून एक हाक आली. मग तीही थांबली.

उजाडल्यावर दार उघडलं. पायरीवर अंकुशराव बसलेले. नदीकडे एकटक बघत. माणसांनी नदी धुंडाळली. पाण्यात काही मिळालं नाही. गावातलं, यात्रेतलं कुणाचंच लेकरू हरवलं नव्हतं.

हरिओमने बापाला आत घेतलं, दार लोटलं आणि तिथेच थबकला. दाराच्या आतल्या बाजूला, पार खाली, नदीच्या ओल्या गाळाचा लहान हात उमटला होता. रात्रभर कडी लावलेली होती, बाळांनो. आतून.

राजूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. लेकाकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेतला, दोनदा त्यांना उघडू न दिलेलं दार उघडलं, आणि नदीच्या वाटेनं निघून गेल्या.